आत्तीची वही

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा एकमेकींना मिळतात तिथे हरिपूर आहे. या गावात जमिनीखाली हळदीची पेवे असायची. खोल खड्ड्यात तळाला आणि कडेने पाला, चटया लावून हळद भरायची आणि वरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. तिथल्या मातीचा गुणच असा की वर पाऊस कोसळला तरी आतली हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकायची. भाव आला की पेव फोडायचे. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले होते, म्हणून गावाचा मातीवर बँकेपेक्षा जास्त भरवसा होता.

या गावात एक आत्ती राहायची. 2003 साली तिने आपल्या वाट्याचे रान विकले आणि तीन लाख रुपये हाती आले. दोघे भाचे सल्ला द्यायला बसले.

थोरला म्हणाला, "आत्ती, समदे मुदतठेवीत टाक. मुद्दल हलत न्हाई. माझेबी तिथंच हायेत."

धाकटा म्हणाला, "त्यापेक्षा हळद घे अन् पेवात भर. आज स्वस्त हाय, उद्या दाम दुप्पट."

आत्तीने दोघांचे ऐकले आणि फडताळातून वही काढली. दर दिवाळीला तेलाचा डबा, ज्वारीचे पोते आणि गॅसची टाकी यांचे भाव ती तीत लिहून ठेवायची. आपल्याजवळच्या पैशांत किती पोती ज्वारी येईल, एवढाच हिशेब तिला ठाऊक होता. फार थोडी माणसे असा हिशेब ठेवतात. तिने पैशांचे वाटे केले आणि प्रत्येक रकमेपुढे एकच गोष्ट लिहिली: हे पैसे कधी लागणार?

दीड वर्षाचा घरखर्च तिने पोस्टात ठेवला. घराचे छप्पर पाच-सहा वर्षांत बदलायचे होते, तेवढे बँकेत. उरलेल्या लाखभराला दहा-बारा वर्षे तरी हात लागणार नव्हता. सांगलीतल्या एका निवृत्त बँकवाल्याला पुन्हा पुन्हा विचारून, नीट उमगल्यावरच, ते तिने देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत विभागून जाणाऱ्या इंडेक्स फंडात घातले. भाचे नाराज झाले.

2005 च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला. गावाने कधी पाहिले नव्हते ते झाले, पेवांत पाणी शिरले. धाकट्याची सगळी हळद एकाच गावच्या मातीत होती. ती कुजून गेली. थोरला म्हणाला, "म्हणूनच सांगत हुतो, बँकेत ठेव." आत्ती त्याला काही बोलली नाही. ती धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माती चांगलीच हुती रं. पर समदं एकाच मातीत ठेवलंस. पूर आला की एकबी पेव सुटत न्हाई."

मग आत्तीची पाळी आली. त्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक, निफ्टी, जानेवारी 2008 मध्ये 6,200 च्या वर होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो 2,600 च्याही खाली आला. तिच्या फंडाची किंमत वर्षभरात निम्म्याहून कमी झाली. दोन्ही भाचे धावत आले, "आत्ती, काढ, उरलेलं तरी वाचव."

"मला यंदा लागणार हायेत का ते?" तिने विचारले. लागणार नव्हते. तिने ते राहू दिले.

शेजारच्या वहिनींना मात्र लागणार होते. चढते भाव पाहून त्यांनी जानेवारीतच लेकीच्या लग्नाची रक्कम तशाच फंडात घातली होती, आणि लग्न डिसेंबरात होते. निम्म्याहून जास्त पैसा गमावून त्यांना तो काढावा लागला. 2010 च्या नोव्हेंबरात निफ्टी पुन्हा 6,200 च्या वर गेला, पण वहिनींना त्याचा उपयोग नव्हता. आत्ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की वहिनी मूर्ख नव्हत्या. त्यांचा मुहूर्त जवळ होता आणि पैसा लांबच्या वाटेवर टाकला गेला. हे मनावर घ्यायला हवे, कारण फंड विकणारे कित्येकदा मुहूर्त विचारतच नाहीत.

या सगळ्या काळात थोरला निवांत होता. पासबुकातला आकडा दरवर्षी वाढत होता. 2010 च्या दिवाळीला आत्तीने वही त्याच्यापुढे ठेवली. आधीच्या दोन वर्षांत देशात महागाई वर्षाला 10 टक्क्यांच्या वर होती आणि ठेवीवर मिळत होते सात-आठ टक्के, त्यावर करही. "शंभराचे एकशे आठ झाले असं धर," ती म्हणाली, "पर शंभराचा माल एकशे दहाला गेला. आता ह्या एकशे आठात तो माल बसतोय का?"

थोरल्याने बोटांवर मोजून पाहिले. बसत नव्हता.

"म्हंजे माझंबी बुडालंच की?" त्याच्या आवाजात भीती होती.

"बुडालं न्हाई. झिजलं. महागाई सहा टक्क्यांनी चालली तरी बारा वर्षांत रुपयाचे आठ आणे हुतात. पूर दिसतो म्हणून आपण त्याला भितो. झीज दिसत न्हाई."

"मग काढून समदे तुझ्या फंडात टाकू?"

"थांब. धाकट्या लेकीच्या कालिजची फी कवा भरायचीय?"

"पुढच्या जूनला."

"ते बँकेतच ऱ्हाऊ दे, तिथनं हलवू नको. अन् तुझ्या म्हातारपणाला अजून किती वर्षं?"

थोरल्याने हिशेब केला. पंधरा तरी होती. आत्तीने वहीचे नवे पान उघडून पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी आज महिन्याला घरात काय काय लागतं ते लिही. मग तेच पंधरा वर्षांनी केवढ्याला पडंल ते काढू."