प्रत्ययाची ओळख आणि अर्थाचा प्रत्यय

'प्रत्यय' या शब्दास आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. शब्दाच्या शेवटी जोडला जातो तो प्रत्यय. आणि अनुभवाने पटते तोही प्रत्यय. पहिला ओळखला म्हणजे दुसरा आला, असे होते काय?

मन प्रत्यययुक्त शब्द कसा ओळखते, याविषयी रॅसल, डेव्हिस व न्यू या संशोधकांनी इंग्रजी भाषेत केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. वाचकापुढे एक शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ, जाणिवेत येऊ नये इतकाच, दाखविला. लगेच दुसरा दाखवून तो खरा शब्द आहे की नाही, हे विचारले. 'क्लीनर'नंतर 'क्लीन' लवकर ओळखला गेला, हे स्वाभाविकच. परंतु 'कॉर्नर' म्हणजे कोपरा, यानंतर 'कॉर्न' म्हणजे धान्य, हाही लवकर ओळखला गेला. या दोहोंत अर्थसंबंध नाही. शेवट मात्र प्रत्ययासारखा दिसतो. जेथे शेवट तसा नव्हता, तेथे हे साहाय्य झाले नाही. म्हणजे मन प्रथम रूप पाहून शब्द फोडते. अर्थाची तपासणी मागून होते.

आपल्या भाषेतही पाहावे. 'मीपण' यात 'पण' हा प्रत्यय आहे. 'अर्पण' याच्या शेवटीही तसाच ध्वनी आहे, परंतु तेथे तो प्रत्यय नव्हे. शेवट सारखा, अर्थ मात्र एकाचा धरण्याचा, दुसऱ्याचा सोडण्याचा. लीळाचरित्रातील 'सर्वज्ञें' या रूपात 'एं' हा तृतीयेचा प्रत्यय कर्ता दाखवितो. तो निसटला तर वचन कोणाचे, याविषयी घोटाळा होतो. म्हणूनच पूर्वाचार्यांनी सूत्रार्थासाठी व्याकरणाचा आश्रय घेतला. भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' याची साक्ष आहे.

कोणी म्हणेल, मनाचा स्वभावच असा, तर साधकाचा दोष काय? पहिल्या क्षणी दोष नाही. तो क्षण जाणिवेच्या अलीकडचा आहे. दोष तेथेच थांबण्यात आहे. पाठ असलेले सूत्र जिव्हेवर आले म्हणून ते कळले असे मानणे, आणि वेष धारण केला म्हणून वैराग्य आले असे मानणे, ही एकाच जातीची भूल होय.

म्हणून पाठ करताना एका तरी सूत्रापाशी थांबावे. पदे फोडावीत, प्रत्यय पाहावा, अर्थ अधिकारी पुरुषास विचारावा, आणि तो आपल्या आचारात उतरला काय, हे स्वतःस विचारावे. शब्दाचा प्रत्यय क्षणात ओळखता येतो; अर्थाचा प्रत्यय आचारावाचून येत नाही.