प्रौढपणी कायद्याचे शिक्षण

पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम कोणत्याही वयात करता येतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने 2008 च्या नियमांत यासाठी 30 वर्षांची वयोमर्यादा घातली होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्रात प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के गुण लागतात.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेऱ्यासारख्या गावातल्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी जवळचे विद्यापीठ म्हणजे 1923 मध्ये स्थापन झालेले नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ. भंडारा जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. वकिलीसाठीची पदवी घरबसल्या, दूरशिक्षणाने मिळत नाही. वर्गात 70 टक्के उपस्थिती आवश्यक असते. त्यामुळे शेती, नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याने महाविद्यालयाच्या नावाइतकाच रोजच्या प्रवासाचा आणि तासिकांच्या वेळेचा विचार करावा.

पदवीनंतर सनदेसाठी राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी आणि अखिल भारतीय परीक्षा असते. सातबारा, वारसनोंद, वाटणीपत्र यांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला जमीन महसूल कायदा लवकर उमगतो. वय इथे अडसर नसून भांडवल ठरते.