आपल्या हातचा सलाम

शास्त्रपाठ : मत्तय ५:४३-४८, फिलेमोन, २ थेस्सलनीकाकरांस ३:१७



नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या चिकोडी-निपाणी भागातील संडे स्कूलच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. नाताळच्या नाटिकेत दहा-बारा मुलांना काम मिळते, पाचसहा मुले गायनात खपतात. उरलेल्यांना काय द्यावे? पुष्कळ शिक्षकबाई यावर एक चांगला तोडगा काढतात. त्या मुलांना सतरंजीवर बसवून रंगीत कागद, कात्री, खळ आणि ठसे देतात आणि नाताळची भेटकार्डे करावयास लावतात. या कामाकडे आपण वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहू नये. एवढ्याशा कार्डात शुभवर्तमानाचा एक मोठा विषय दडलेला आहे, तो म्हणजे सलाम.

सलाम हा शब्द आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत जुना आहे. पत्राच्या शेवटी 'सर्वांस सलाम' असे आपले आजी-आजोबा लिहीत. इब्री भाषेतील शालोम आणि हा सलाम एकाच मुळातून आलेले आहेत. दोहोंचा अर्थ शांती. म्हणजे एखाद्याला सलाम करणे हे नुसते हात जोडणे नव्हे, तर देवाने तुला शांती द्यावी असे मागणे आहे. हे ध्यानात ठेवून डोंगरावरील प्रवचनातील तो प्रश्न वाचावा. प्रभू विचारतो की, तुम्ही आपल्याच भाऊबंदांना सलाम करीत असला, तर त्यात विशेष ते काय केले? परराष्ट्रीयही तेवढे करतातच.

प्रश्न साधा आहे, पण तो थेट आपल्या नाताळच्या यादीवर येऊन पडतो.

आता पौलाकडे पाहा. पौल आपली पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेत असे. रोमकरांस पत्र ज्याने लिहिले त्या तर्तियाने शेवटी स्वतःचाही सलाम घातलेला आहे (रोम. १६:२२). परंतु पत्र संपत आले की पौल लेखणी आपल्या हातात घेई आणि शेवटचा सलाम स्वतः लिही. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो सांगतो की, माझ्या प्रत्येक पत्राची हीच खूण आहे. त्याला कारणही होते; त्याच्या नावाची खोटी पत्रे फिरण्याची भीती होती (२ थेस्स. २:२). गलतीकरांना तर तो आपली अक्षरे किती मोठाली आहेत ते पाहावयास सांगतो. लेखकूच्या सुबक ओळींखाली ती मोठी, वेगळी अक्षरे दिसली की मंडळीतील माणसे ओळखत असतील, हा आपल्या पौलाचा हात.

पण स्वहस्ताक्षराची खरी किंमत कळते ती फिलेमोनाच्या चिठ्ठीत. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दूर गेलेला. त्याने धन्याचे काही नुकसानही केले असावे. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला विनवतो की, याला आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून घे. आणि एकोणिसाव्या वचनात तो स्वतःच्या हाताने लिहून देतो की, याचे जे काही देणे असेल ते मी फेडीन. आपल्याकडे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा, तसाच हा प्रकार. तुटलेले नाते जोडण्यासाठी पौलाने शब्द तर दिलेच, पण स्वतःचा हात गहाण ठेवला.

नाताळच्या कार्डाचा जन्म मात्र उलट कारणाने झाला, हे सांगितले तर काहींना नवल वाटेल. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक उद्योगी गृहस्थ होते. १८४० साली तेथे एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती आणि त्या सुधारणेत कोलसाहेबांचाही हातभार होता. टपाल स्वस्त झाले, पत्रे वाढली आणि प्रत्येकाला नाताळाचे उत्तर लिहिण्यास त्यांना सवड होईना. तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या, आणि घरच्या वापरातून उरलेल्या प्रती एक शिलिंगला एक याप्रमाणे विकल्या. चित्राच्या मध्यभागी एक कुटुंब द्राक्षारसाचे पेले उंचावून बसले आहे. त्यात एका लहान मुलाच्याही ओठी पेला लावलेला असल्याने दारूबंदीवाले फार रागावले. त्यांचा राग मला अगदीच गैर वाटत नाही. पण त्या वादात चित्राच्या दोन बाजू विसरल्या गेल्या. एका बाजूला भुकेल्याला अन्न दिले जात आहे आणि दुसऱ्या बाजूला उघड्याला वस्त्र. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दोन गोष्टी पहिल्याच नाताळकार्डावर होत्या. मधले मेजवानीचे चित्र तेवढे लोकांनी उचलले.

म्हणजे सवड नाही म्हणून कार्ड आले. आज तर तेवढीही सवड लागत नाही. नाताळच्या पहाटे मोबाईलवर कोणाकडून तरी आलेले गव्हाणीचे चित्र आपण बोटाने पुढे ढकलतो आणि दीडदोनशे जणांना एका दमात सलाम पोचतो. त्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलाचे दोन शब्द त्यावरूनच आईला मिळतात. परंतु जो सलाम पाठवताना ज्याला पाठवला त्याचा चेहराही मनात आला नाही, त्याला शांतीचे मागणे म्हणता येईल काय?

हाताने केलेल्या कार्डाची गोष्ट येथे वेगळी ठरते. एक कार्ड करावयास मुलाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास ज्याच्यासाठी कार्ड आहे त्याचे नाव मुलाच्या डोक्यात असते. शिक्षकांनी ही गोष्ट हाती धरावी. आधी नाव ठरवावे, मग कागद कापावा.

सामानाला फार खर्च नको. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापून रंगात बुडवला की पाच टोकांची आकृती उठते. मागी लोकांच्या ताऱ्याला यापेक्षा चांगला ठसा दुकानातही मिळणार नाही. बटाटा अर्धा कापून त्यावर गव्हाण किंवा मेणबत्ती कोरता येते, मात्र कापल्यावर तो थोडा वेळ फडक्यावर पालथा ठेवावा, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो. मोठी मुले खोडरबरावर कोरू शकतात. पाते शिक्षकांनी आपल्या हाती ठेवावे. ओल्या स्पंजच्या तुकड्यावर थोडा पोस्टर रंग पसरला की शाईची गादी तयार झाली. घोटीव कागद, पतंगाचा कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे सोनेरी काठ हे सगळे कामाला येते. आपल्या भागात विड्या वळणाऱ्या बायकांची मुले वर्गात असतील, तर त्यांच्या बोटांची सफाई पाहून घ्या. पान कापणारे, दोरा गुंडाळणारे हात त्यांनी घरी लहानपणापासून पाहिलेले असतात.

ठसा कोरताना मुले एका गोष्टीवर हमखास अडतात. अक्षर सरळ कोरले तर कागदावर उलटे उठते. म्हणून पातळ कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद रबरावर पालथा घासावा लागतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, केडगावी, हीच उलटी अक्षरे स्त्रियांनी व मुलींनी जुळवली. तेथील कित्येक जणी १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या होत्या. बाईंनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे आश्रमातच जुळले, पाने आश्रमातच छापली गेली. १९२२ च्या एप्रिलात बाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर आला. ज्यांना जगाने टाकून दिले होते त्यांच्या बोटांनी उलट्या खिळ्यांतून देवाचे वचन सरळ उठवले, हे मुलांना ठसा हातात देतानाच सांगावे. फळ्यासमोर बसवून सांगण्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

मोठ्यांच्या वर्गासाठी याच ठशात आणखी एक धडा आहे. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात पुत्राविषयी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ ठशाने उमटलेली खूण असा आहे. नाण्यावर राजाची मुद्रा जशीच्या तशी उठावी, तसा पित्याचा ठसा पुत्रात उठला आहे. देव कसा आहे हे आपण तर्काने शोधून काढले नाही. तो गव्हाणीत, मनुष्याच्या देहात, आपल्याला हाताने चाचपता येईल असा उमटला. देवानेही आपला सलाम लेखकूवर सोडला नाही. तो स्वतः आला.

कागदाचेही थोडे सांगतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतके चालत आला. पुण्यात हातकागद संस्थेचे काम १९४० साली सुरू झाले. हातकागद होतो कशाचा? शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा. त्या भिजवून कुटतात, लगदा पाण्यात सोडतात आणि चाळणीच्या चौकटीवर अलगद उचलून एकेक ताव वाळवतात. चिंधीतून जो ताव निघतो तो गिरणीच्या कागदाहून चिवट असतो. यावर जास्त बोलण्याची गरज नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय ज्याने वाचला आहे तो समजेल.

आणि कागदच नसेल तर? दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यातील जित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीपुढे हीच अडचण होती. युद्धाने होरपळलेल्या त्या गावाला संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून मदत मिळाली होती. तिला आभार मानायचे होते. कागद मिळेना म्हणून तिने काचेवर चित्र काढले. उन्हात फेर धरून नाचणारी मुले तिने रंगवली. त्याच चित्रावरून १९४९ साली बालनिधीचे पहिले भेटकार्ड निघाले आणि पुढे अशा कार्डांच्या विक्रीतून इतर देशांतील मुलांना मदत गेली. ते कार्ड मुळात एका मुलीचे 'उपकार' एवढेच होते.

म्हणून शिक्षकांना दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. सर्वांत सुंदर कार्डाला बक्षीस ठेवू नका. त्या दिवशी इतर सर्व मुलांची कार्डे कुरूप होतात. आणि मुलाचे वाकडे चिकटलेले कार्ड त्याच्या मागे नीट करून ठेवू नका. पौलाची मोठाली अक्षरे कोणी पुसून सुबक केली नाहीत.

आता यादीकडे येऊ. कार्डे झाली की बहुधा ती कोणाला जातात? पाळकसाहेबांना, पंचांना, देणगी देणाऱ्यांना, आणि घरच्या मामा-मावशीला. त्यांना जरूर द्यावीत. पण लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवावयास बोलवावयास सांगितले आहे, आणि कार्डालाही तो नियम लागतो. मंडळीच्या यादीत नाव आहे पण दोन वर्षे उपासनेला दिसले नाहीत असे कोण? गुडघे धरल्यामुळे पायऱ्या चढता येत नाहीत अशा कोणत्या आजीबाई? दारूच्या नादाने ज्याच्या घरी कोणी जात नाही तो कोण? आणि सर्वांत अवघड म्हणजे, ज्यांच्याशी आपले बोलणे नाही ते कोण? बांधाच्या वादावरून, वाटणीवरून, मंडळीच्या निवडणुकीवरून एकाच मंडळीत दोन घरे वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि प्रभुभोजनाला मात्र एकाच भाकरीतून घेतात. मुलांना हे सारे ठाऊक असते. 'त्यांच्या घरी जायचे नाही' हे त्यांना आपणच शिकवलेले असते.

येथे एक सावधगिरी हवी. अशा घरी मुलाच्या हाती कार्ड देऊन आपण घरी बसणे हा भित्रेपणा आहे. मत्तय ५:२४ मध्ये प्रभू अर्पण वेदीजवळ ठेवून आधी स्वतः जाण्यास सांगतो. दुसऱ्याला पाठव असे सांगत नाही. मुलाने कार्ड करावे, पण त्याच्या आत चार शब्द मोठ्या माणसाने आपल्या हाताने लिहावेत आणि त्याच्याबरोबर चालत जावे. काय लिहावे, असे कोणी विचारील. समर्थन लिहू नये. 'जे झाले त्यात माझाही वाटा आहे, मला बोलायचे आहे' एवढे पुरे. दार उघडले नाही तर कार्ड उंबऱ्यावर ठेवून यावे आणि त्याविषयी मंडळीत कुठे बोलू नये.

आपल्या सीमाभागात यादी आणखी एका ठिकाणी अडखळते. आपल्या घरात मराठी, बाजारात दोन्ही भाषा, शेजारच्या मंडळीत कन्नड उपासना. भाषेवरून आपल्या भागाने बरेच सोसले आहे आणि त्या प्रश्नाचा निकाल लावणे या पानाचे काम नाही. पण नाताळचा सलाम भाषेच्या वेशीपाशी थांबत असेल, तर मत्तय ५:४७ मधील परराष्ट्रीयांहून आपण पुढे गेलो नाही. प्रभूच्या वधस्तंभावर जो लेख लावला होता तो इब्री, रोमी आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता, असे योहान लिहितो (१९:२०). पिलाताचा हेतू काही असो, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या भाषेत तो वाचता आला.

तेव्हा यंदा प्रत्येक वर्गाने एक ठसा कन्नडचाही कोरावा. 'क्रिस्मस हब्बद शुभाशयगळु' एवढी ओळ पुरेशी आहे. सगळी एका खोडरबरावर मावणार नाही; तिचे तीन तुकडे करावेत. आपल्या बहुतेक मंडळ्यांत कन्नड शाळेत जाणारी दोनचार मुले असतातच. कोरण्यापूर्वी उलटी अक्षरे त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. पहिला ठसा उठला की त्यांनाच मोठ्याने वाचावयास सांगावे, आणि ती कार्डे घेऊन नाताळच्या आदल्या रविवारी वर्गाने शेजारच्या कन्नड मंडळीत उपासनेला जावे.