शिडीला रंग का लावू नये

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतरानं येतं, कधी पहाटे, कधी रात्री उशिरा. त्यामुळे घरोघरी गच्चीवर टाकी असते आणि टाकीत किती पाणी उरलंय ते बघणारं कुणीतरी एक माणूस असतं. आमच्या घरात ते काम आईचं. टाकी उंच चौथऱ्यावर आहे. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून झाकण उचलायची. एके दिवशी खुर्चीचा पाय वाकला. ती पडली नाही, एवढंच. त्या आठवड्यात मी घडीची लाकडी शिडी करायला घेतली.

सुतारकाम मला येत नव्हतं. वखारीतून जुन्या चौकटीचं सागवान आणलं, चिरून घेतलं आणि मोबाइलवर बघत बघत कामाला लागलो. घडीच्या शिडीत दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या असतात. पहिली म्हणजे पायरीसाठी उभ्या दांड्यात खाच पाडायची, म्हणजे माणसाचं वजन लाकडावर टेकतं. नुसते स्क्रू मारले तर सगळा भार त्या दोन-चार स्क्रूंवर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या पायांना बांधणारी दोरी किंवा साखळी. आपण वर चढलो की पाय एकमेकांपासून लांब पळायला बघतात. वरच्या बिजागऱ्या ते थांबवू शकत नाहीत, दोरी थांबवते. ओल्या, गुळगुळीत गच्चीवर तर सगळी भिस्त तिच्यावरच.

खाचा मी नीट पाडल्या. चौथ्या पायरीपाशी मात्र कंटाळा आला. आधी भोक न पाडता स्क्रू थेट लाकडात घुसवला. टचकन आवाज आला आणि दांड्याला चार बोटं लांब चीर गेली. मी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. लाकडाचा भुसा डिंकात कालवून चिरेत भरला, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. चीर दिसेनाशी झाली. वरून निळा ऑइल पेंट लावला की काम संपलं.

शेजारच्या गच्चीवरून आजोबा बघत होते. त्यांची सगळी नोकरी गिरणीत सुतारकाम करण्यात गेली. रंगाचा डबा बघून म्हणाले, "रंग कशाला लावायलास बे? शिडीला रंग लावत नसतेत. तेल पाजायचं नुसतं."

"का?"

"चढणाऱ्याला लाकूड दिसाय पाहिजे."

एवढं बोलून ते खाली गेले. चीर त्यांना दिसली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, की अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत हेच लिहिलंय: लाकडी शिडीवर आरपार न दिसणारा रंग लावायचा नाही, कारण त्याखाली चीर, गाठ, कुजलेला भाग झाकला जातो. पारदर्शक व्हार्निश किंवा तेल चालतं. आजोबांना तो नियम माहीत असण्याची शक्यता नाही, पण त्यामागचं कारण माहीत होतं.

त्या रात्री मी स्वतःशी बराच वाद घातला. शिडी बहुधा टिकली असती. चीर लाकडाच्या रेषेतच गेली होती, दांडा जाड होता. मी एकटाच चढणार असतो तर हा धोका माझा मी पत्करला असता, त्यात कुणाला काही बोलायचं कारण नव्हतं. पण 'बहुधा' हा अंदाज माझा होता आणि पाय ठेवणार होती आई. तिला न विचारता मी तिच्या हाडांवर पैज लावत होतो.

मग वाटलं, सांगून टाकावं. चीर आहे म्हणावं, चढायचं का ते तू ठरव. हे प्रामाणिक दिसतं. पण आई काय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं: "काही होत नाही, तू केलीस ना." ती लाकडावर विश्वास ठेवून चढत नाही, माझ्यावर ठेवून चढते. तिला सांगणं म्हणजे माझी चूक तिच्या संमतीच्या नावावर टाकणं. अटी न वाचता आपण मोबाइलवर 'मान्य आहे' दाबतो, तशातली ती संमती झाली असती. खरं सांगितलं की जबाबदारी संपली, असं आपण समजतो. ती तिथून सुरू होते.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात म्हटलंय, की बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा. हा धाक समजतो. पण आई आणि माझ्यामध्ये कुठलाच राजा नाही. ती पडली असती तर तीच म्हणाली असती, माझाच पाय घसरला. जिथं आपल्याला दोष देणारं कुणी नसतं, तिथं आपण काय करतो, हा प्रश्न म्हणूनच जास्त अवघड आहे.

यावर एक आक्षेप आहे. आपण बसचे ब्रेक तपासत नाही, स्लॅबमधली सळई बघत नाही. सगळं उघडं ठेवणं शक्यच नाही, मग शिडीचंच एवढं काय? खरंय. पण त्यावरून उलटंच निघतं. बघणाऱ्याला जिथं बघता येत नाही, तिथं करणाऱ्यानं त्याच्या वाटचंही बघायला हवं. आणि जिथं बघता येतं, तिथं मुद्दाम झाकू नये.

दुसऱ्या दिवशी वखारीत जाऊन नवा दांडा आणला. खाचा पुन्हा पाडल्या, स्क्रूआधी भोकं पाडली. एक अख्खा रविवार गेला. निळा डबा तसाच पडून आहे. शिडीला जवसाचं तेल पाजलं, दोन-तीन हात. एक खाच वाकडी आहे, एका जागी करवत घसरल्याची खूण आहे. सगळं दिसतं.

आधी मी चढलो, वरच्या पायऱ्यांवर मुद्दाम हललो. शिडी हलली नाही. पण त्या दिवशी टिकली म्हणजे कायम टिकेल असं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, दोरी उन्हानं कमजोर होते. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर मी शिडी उताणी करून बघतो. एकदा दोरी बदलली.

काल पहाटे पाणी आलं. आई शिडीकडे न बघताच चढली आणि वरून ओरडली, "अर्धी भरली रे!" मी खाली उभा होतो, चौथ्या पायरीकडे बघत.