हत्यार निर्दोष असतें काय ?

हत्यार चांगलेंहि नसतें व वाईटहि नसतें, तें धरणारा हात तेवढा चांगला किंवा वाईट असतो, असें आपण सहज म्हणतों आणि वादाचा निकाल लागला असें समजतों. सुरीनें भाजीहि चिरतां येते व गळाहि चिरतां येतो, हा दृष्टांत तर शाळकरी मुलांच्याहि तोंडीं असतो. परंतु ज्या विधानामुळें विचाराचे श्रम वांचतात, तें वारंवार तपासून पाहणें बरें. तोफा व अणुबाँब ह्यांच्या संबंधांत ही तपासणी मोठमोठ्या विचारवंतांनीं केली आहे. मला ती एका क्षुल्लक वस्तूच्या आधारें करावयाची आहे. ती वस्तु म्हणजे छऱ्याची जुनी बंदूक. आणि प्रश्न असा कीं, गंजून निकामी झालेली अशी बंदूक जो घरीं बसून पुन्हां चालती करतो, त्याच्याकडे तिच्या पुढील कृत्यांची कांहीं जबाबदारी येते कीं नाहीं?

कर्जत-खालापुराकडील जुन्या घराच्या माळ्यावर अशी एखादी बंदूक सांपडणें नवलाचें नाहीं, आणि ती धड स्थितींत सांपडणें मात्र नवलाचें. कारण उल्हास व पाताळगंगा ह्यांच्या खोऱ्यांतला पाऊस लोखंडाचा वैरी आहे. हिच्यांत दारू नसते. नळी सांध्यावर मोडून खालीं ओढली, कीं आंतील जाड स्प्रिंग दबते व दट्ट्या मागें सरून एका अडकणीवर थांबतो. चाप ओढला, कीं अडकण सुटते, स्प्रिंग दट्ट्याला पुढें फेंकते, त्याच्या पुढची हवा बारीक छिद्रांतून नळींत घुसते आणि शिशाचा छर्रा बाहेर पडतो. म्हणजे छऱ्याचा वेग ही नेम धरणाराच्याच दंडांतली, क्षणभर सांठवून ठेवलेली शक्ति होय.

दुरुस्तीचें काम नाजूक असतें. बंदूक विश्रांतींत असली तरी स्प्रिंग थोडीबहुत दबलेलीच असते. शिकंज्यांत न धरतां मागचें बूच काढलें, तर ती अंगावर झेंपावते. दट्ट्याच्या तोंडाशीं स्टोव्हच्या पंपांतल्यासारखा चामड्याचा वायसर असतो. तो वाळून आकसला, कीं हवा निसटते. नवें चामडें भिजवून, वाटीसारखें वळवून, वाळल्यावर तेलांत मुरवावें लागतें. तेल फार झालें, तर दाबानें तापलेल्या हवेंत तें पेट घेतें आणि दारू नसलेल्या बंदुकींतूनहि धूर निघतो. छर्रा न भरतां चाप ओढणेंहि वाईट. समोर अडथळा नसला, म्हणजे दट्ट्या टोकाशीं आदळून स्वतःचीच हानि करून घेतो.

ह्या कामांतला आनंद खोटा नव्हे. ज्याचें नांवहि आपल्याला ठाऊक नाहीं अशा कारागिराच्या मनांत शिरून, त्यानें हा सांधा असाच कां केला हें समजून घेणें, ही एक प्रकारची विनम्रता आहे. बिघडलेलें टाकून नवें आणण्याच्या ह्या काळांत तर ती दुर्मिळच म्हटली पाहिजे. गेल्या पावसाळ्यांत माझ्या वडिलांची अशी एक बंदूक मीं जुळवीत होतों. शेवटचा स्क्रू बसला तेव्हां शेजारीं बसलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानें विचारलें, "मामा, आतां हिनें काय मारायचें ?" दुरुस्तीचा सारा काळ 'कसें' ह्या प्रश्नाचा असतो, त्याचा प्रश्न 'कशासाठीं' हा होता. समोरच्या शेवग्यावर बुलबुलांची जोडी बसली होती, आणि त्याचे डोळे तिकडे लागले होते.

कायदा येथें अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपांखरांना अभय दिलें. शेजारच्या पनवेल तालुक्यांत कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य तर १९६८ पासून आहे. परंतु ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या व २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. ती घरांत खुंटीवर राहूं शकते, आणि तिच्यावर पहारा असतो तो घरच्या माणसांच्या विवेकाचाच.

ह्या प्रश्नाचें मला सर्वांत मार्मिक वाटणारें उत्तर वाल्मीकीच्या रामायणांत, अरण्यकांडांत, सीतेच्या तोंडीं आहे. ती रामाला एक कथा सांगते. एका तपस्व्याच्या आश्रमांत इंद्र योद्ध्याच्या वेषानें आला व आपलें खड्ग ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव हरवूं नये म्हणून तो तपस्वी फळें-मुळें आणावयास जातांनाहि तें जवळ बाळगूं लागला, आणि बाळगतां बाळगतां त्याची बुद्धि क्रूर होऊन तो तपापासून ढळला. खड्गानें त्याला कांहीं शिकविलें नाहीं. पण जें सतत हाताशीं असतें, तें आपला उपयोग मागूं लागतें. सीतेचें हें म्हणणें ऐकून राम 'शस्त्र निर्दोष आहे' असें उत्तर देत नाहीं. आपण धनुष्य कां धारण केलें आहे, आर्तांना रक्षणाचें वचन कसें दिलें आहे, हें तो सांगतो. म्हणजे शस्त्र बाळगणारानें कारण सांगितलें पाहिजे, हें त्या दोघांनाहि मान्य आहे.

कोणी म्हणेल, डॉ. सलीम अली ह्यांच्या आयुष्याला वळण लागलें तें छऱ्याच्या बंदुकीमुळेंच. लहानपणीं त्यांनीं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती हें विचारण्यासाठीं ते १९०८ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्ड साहेबांकडे गेले, आणि पक्षिशास्त्राचें दार उघडलें. गोष्ट खरी आहे. पण तशी बंदूक तेव्हां इतरहि कित्येक मुलांच्या हातीं होती. वळण लावलें तें त्या डागापाशीं थांबलेल्या नजरेनें, आणि मुलाचा प्रश्न मनावर घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांनीं. बंदुकीनें चिमणी दिली. विचार दिला तो माणसांनीं.

तेव्हां जबाबदारी कोणाची ? बाजारांतल्या लोहाराला प्रत्येक गिऱ्हाइकाचें मन वाचतां येत नाहीं, व त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. घरीं दुरुस्ती करणाराला मात्र ती वस्तु कोणाच्या हातीं पडणार हें ठाऊक असतें, आणि जबाबदारी ज्ञानाच्या मापानें वाढते. भाच्याला मीं पुठ्ठ्यावर वर्तुळें काढून दिलीं, पुठ्ठ्यामागें मातीचा ढीग रचला आणि बंदूक माझ्या देखतच हातीं घ्यावयाची असें ठरवून दिलें. नेमबाजी ही स्वतःच एक साधना आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकांत अंजली भागवत ज्या प्रकाराच्या अंतिम फेरींत पोंचल्या, त्यांतहि समोर कागदच असतो. उलट २०२१ पासून अरुणाचल प्रदेशांत कित्येकांनीं पांखरांसाठीं आपल्या अशा बंदुका स्वखुषीनें सरकारजमा केल्या. तो मार्गहि मला तितकाच आदरणीय वाटतो. दोन्ही मार्गांत माणसानें 'कशासाठीं' ह्या प्रश्नाला उत्तर दिलें आहे.

निकामी वस्तु दुरुस्त करणें म्हणजे जगांतली एक मिटलेली शक्यता पुन्हां जागी करणें होय. ती जागी करण्याचें कौशल्य आपलें म्हणून मिरवावयाचें आणि तिचे परिणाम मात्र दुसऱ्याच्या हातावर ढकलावयाचे, हें न्यायाला धरून नाहीं. स्प्रिंग बसली, वायसर जमला, नळी चकाकली, एवढ्यानें दुरुस्ती पुरी होत नाहीं. ती वस्तु कोणाच्या हातीं द्यावयाची व कोणाच्या नाहीं हें ठरलें, म्हणजे ती पुरी होते.