जीवकाचे रिकामे हात

तक्षशिलेच्या गुरूने जीवकाला एकदा एक विचित्र कामगिरी सांगितली, अशी जुनी कथा आहे. नगराभोवती योजनभर हिंड आणि जिचा औषधाला उपयोग नाही अशी वनस्पती घेऊन ये! जीवक पुष्कळ हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. तशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. गुरू म्हणाला, तुझे शिक्षण पुरे झाले.

प्रत्येक झाडात काही ना काही गुण असतो, एवढाच अर्थ आपण या कथेतून घेतो. पण गुण कळल्यावर त्या झाडाशी कसे वागावे?

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. अशा झाडाकडे कोण वळून पाहणार? चीनमध्ये दुसरे एक झाड आहे, त्याच्या चिनी नावाचा अर्थ आनंदवृक्ष. १९६६ साली मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत या आनंदवृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. एकाच्या नावात आनंद, दुसऱ्याच्या नावात नरक. आतला रस मात्र एकच! नावे आपण ठेवतो. झाडांना त्यांची वार्ताही नसते.

हा रस म्हणजे अमृत नव्हे. पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडवणारे एक प्रथिन असते, त्यालाच तो जखडून टाकतो. आरंभीच्या प्रयोगांत तो रोग्यांना सोसला नाही. त्याच्या रचनेत फेरफार करून तयार केलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ साल उजाडले. झाडाची साल आणि रोग्याचे औषध यांच्यामध्ये तीस वर्षांची तपश्चर्या उभी आहे; नुसता काढा उकळून ती ओलांडता येत नाही.

आणि झाडाचे काय झाले? मोल कळले, तशी नरक्यावर कुऱ्हाड चालू लागली. ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याची लाकडे चोरून जाऊ लागली.

कोणी म्हणेल, पोटचे पोर अंथरुणाला खिळले असता झाडाची चिंता कोण करील? प्रश्न खोटा नाही. पण कुऱ्हाड त्या आईच्या हातात नसते; ती लोभाच्या हातात असते, आणि लोभ आईचे अश्रू पुढे करतो. दया आणि लोभ काही काळ एकाच वाटेने चालतात. फरक इतकाच, की दयेला उद्याचा रोगीही दिसतो. म्हणून ती तोडण्याआधी रोप लावते, आणि ज्याचा गुण अजून कळलेला नाही त्या झुडपालाही जगू देते.

जीवकाला प्रत्येक वनस्पतीचा उपयोग ठाऊक होता. तरीही त्याने एकही उपटून आणली नाही. शिक्षण पुरे झाल्याची खूण कदाचित हीच असेल.