कमलेला कुणी विचारलं होतं?

दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांच्यावर मी एकांकिका लिहिली आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आई पार्वती झाली आणि तेरा वर्षांची मुलगी मोहिनी. आपल्या सिनेमात बाईचं काम बाईने करण्याची ही सुरुवात. माझ्या संहितेत शेवटी दुर्गाबाई फाळक्यांसमोर ताठ उभ्या राहतात आणि मोठं भाषण करतात. समाजाला काय बोलायचं ते बोलू दे, आम्ही येणार, असं. राज्य नाट्य स्पर्धेत आयुष्य काढलेल्या माझ्या आत्याने ते वाचलं आणि वही मिटली.

“हे भाषण काढ.”

“आत्या, सगळी एकांकिका त्या भाषणावर उभी आहे.”

“म्हणूनच काढ. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात तीन-चार वर्षांची पोर, काळ १९०३च्या आसपासचा. तिच्यापुढे किती दारं उघडी होती ते मला आधी सांग.”

“हिंगण्याला कर्व्यांचा आश्रम होता.”

“तो विधवांसाठी काढलेला. हिचा नवरा हयात होता.”

“केडगावला पंडिता रमाबाई होत्या.”

“होत्या. पण तिकडे गेलेली बाई बाटली, असं धरून चालणारे लोक होते. रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन निघालं १९०९ मध्ये. तोवर कमला तोंडाला रंग लावून उभी राहायला लागली होती. उरलं काय? चार घरची धुणीभांडी, नाहीतर नाटक कंपनी. आणि तू तिच्या तोंडी बंडाची भाषा घालतेस. विहिरीत पडलेलं माणूस हातपाय मारतं, त्याला आपण धाडसी म्हणतो का?”

“नाही म्हणत. पण ते पोहून काठाला लागलं, तर कसं पोहलं हे तर बघतो! आणि मला तुझं म्हणणं पुरतं पटत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी तारामती किती शोधली. कोठ्यावरच्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले अण्णा साळुंके तारामती झाले. म्हणजे नाही म्हणता येत होतं. तिथे दुर्गाबाई हो म्हणाल्या. याला निवड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?”

आत्या थोडा वेळ बोलली नाही. मला वाटलं, मुद्दा लागू पडला.

“ज्यांनी नकार दिला,” ती म्हणाली, “त्यांच्याकडे गमवायला थोडंफार काहीतरी होतं. नेमानं येणारी माणसं होती, त्यांच्या जगात त्यांची एक पत होती. दुर्गाबाईंचं नाव नाटकात पाऊल टाकलं तेव्हाच गेलेलं. त्यांना होकाराची किंमत दुसऱ्यांदा मोजायची नव्हती. म्हणून म्हणते, फाळक्यांच्या दारातला तो क्षण मोठा नाहीच. मोठं असेल तर त्याच्या आधीचं, दहा वर्षांतलं रोजचं. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि त्याची एकांकिका होत नाही.”

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. आपल्याला पहिलेपणाचं फार आकर्षण आहे. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली नटी. तारीख सापडली की आपण तिला हार घालतो आणि पुढे जातो.

“बरं, पहिलेपणाने झालं काय, तेही बघ,” आत्या पुढे म्हणाली. “१९१७ मध्ये त्याच फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात राम कोण? साळुंके. सीता कोण? साळुंकेच. कमलेने दार उघडलं म्हणतेस, ते दार तिच्या मागे पुन्हा लागलं. आणि १९१३ साल मराठी रंगभूमीवर कशाचं, माहीत आहे ना? गंधर्व नाटक मंडळी निघाली त्याचं. बालगंधर्वांनी नेसलेलं लुगडं बघून घरच्या बायका तसं नेसायला शिकत होत्या. पुरुषाने केलेली बाई हीच खरी खानदानी बाई, असा तो काळ. तिथे खरी बाई उभी राहिली की लोकांना ती कमअस्सल वाटायची.”

मला तेव्हाच एक गोष्ट सुचली आणि मी ती बोलून दाखवली. मोहिनी म्हणजे तरी कोण? विष्णूने घेतलेलं बाईचं रूप. भस्मासुराला भुलवायला देव नाचतो, असुर तसाच नाचत जातो आणि नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. म्हणजे पडद्यावर आलेल्या पहिल्या मुलीला काम मिळालं ते बाई झालेल्या पुरुषाचं!

आत्याचे डोळे चमकले. “हे ठेव. भाषण काढून त्या जागी हे ठेव. नुसतं सांगू नकोस, करून दाखव. लहानपणापासून नाटकातली पोर. किटसनच्या बत्त्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, पद खड्या आवाजात म्हणायचं, ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा म्हणायचं, हेच तिचं शिक्षण. फाळक्यांकडे काय? भर उन्हात उभं राहायचं, समोर हाताने फिरवायचं यंत्र, प्रेक्षक एक नाही आणि पट मुका. गळ्याचा उपयोग शून्य. उरले डोळे, मान, हात. तेरा वर्षांच्या मुलीने हे अंगात कसं आणलं असेल, हा मला पडणारा प्रश्न आहे. तिचा मान मी तिथे करते. निवड असो नसो, काम तिचं स्वतःचं होतं.”

“आणि पुढचं आयुष्यही,” मी म्हटलं. रघुनाथराव गोखल्यांशी तिचं लग्न झालं. ते स्वतः किर्लोस्कर मंडळीत स्त्री-भूमिका करायचे, आवाज फुटल्यावर त्या सुटल्या. तरुण वयातच ते गेले. मुलं पदरात, कमलाबाई काम करत राहिल्या, पुरुष-भूमिकासुद्धा केल्या. ज्या घरात नवरा एके काळी शालू नेसून उभा राहिला, त्या घरातल्या बाईने गरज पडली तेव्हा पुरुषवेष चढवला. पुढे १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे आल्या तेव्हा लोक म्हणाले, आता घरंदाज बायका सिनेमात यायला लागल्या. त्यांच्याही मागे सासरच्या ढासळलेल्या पैशाचा व्याप होता. फरक इतकाच की त्यांची गरज चांगल्या घरातली होती, म्हणून ती दिसली नाही. मला हे मनापासून खुपतं.

“खुपू दे,” आत्या म्हणाली. “पण तू अजून अवघड जागेला हात लावलेला नाहीस. आपण इतका वेळ दुर्गाबाईंच्या निवडीबद्दल बोलतोय. शेवटच्या प्रवेशात कमला कुठे आहे?”

“विंगेत.”

“बघ. आई फाळक्यांशी बोलते, फाळके आईशी. पोरीला कुणी विचारत नाही. पाटी-दप्तराच्या वयात तिला कामाला लावलं. आज असं कुणी केलं तर तूच आधी तक्रार करशील.”

“पण ती कडवट झाली नाही, आत्या. १९९२ सालचा रीना मोहन यांचा माहितीपट बघ. नव्वदीच्या आसपासच्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर कशा ठसक्यात बोलतात! आणि मुलालाही त्यांनी याच वाटेला लावलं. चंद्रकांत गोखले पोरवयातच रंगमंचावर आले. बालपण हिरावलं असं वाटत असतं तर मुलाचं तसंच होऊ दिलं असतं का?”

“माणसं स्वतःला जे सोसावं लागलं, तेच पुढच्याला देतात, आणि देताना त्यांना ते वाईट वाटतही नाही. शिवाय घरात खाणारी तोंडं होतीच. म्हातारपणी आनंदाने बोलली म्हणून तेराव्या वर्षी तिची संमती होती, असं होत नाही. आयुष्य चांगलं निभावलं याचं श्रेय तिचं. त्यावरून तिला न विचारणाऱ्यांना सुटका मिळत नाही.”

“मग दुर्गाबाईंनी चूक केली?”

“उपाशी ठेवणं बरोबर होतं का? दोन्हींतलं एक निवडून मोकळी होऊ नकोस. लिहिणाऱ्याने इतकं तरी सोसावं.”

भाषण मी काढलं. आता दुर्गाबाई फाळक्यांना तीनच प्रश्न विचारतात: काम किती दिवस, पैसे केव्हा आणि किती, राहायची सोय कुठे. मग फाळके निघता निघता वळून मुलीकडे बघतात आणि विचारतात, “तुला करायचंय का गं?”

आत्याने ते वाचून मान डोलावली नाही. “आपल्या नाटकात कमला कोण करतेय?”

“ती खालच्या मजल्यावरची. आठवीतली.”

“तिला विचारलंस? तिच्या आईला नाही, तिला.”

“तिची आईच घेऊन आली होती तिला.”

“म्हणजे नाही विचारलंस.”

“आणि नको म्हणाली तर? प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय, आत्या. एवढ्यात दुसरी मुलगी कुठून आणू?”

“ते नंतर बघू. आधी संध्याकाळी तालमीला आई यायच्या आत तिला गाठ.”